कोरडा खोकला

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

पावणेसहा वर्षांनी ही वही उघडली. इतके दिवस न लिहिल्याबद्दल माफी मागायची तर कुणाची, हे ठरत नाही; पण ओशाळल्यासारखं झालं, एवढं खरं. शेवटची नोंद मार्च २०१९ची आहे: ‘बाबांचं आज डायलिसिस. येताना चिकू मागितला. दिला नाही.’ त्यानंतर नवव्या दिवशी बाबा गेले. त्या ओळीखाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिणंच राहिलं.

हे अर्धंच खरं आहे. पूर्ण असं, की डहाणू रोड स्टेशनजवळच्या लॅबमध्ये मी वीस वर्षं लोकांचं रक्त तपासतो आहे, आणि माझ्या बापाचं तपासलं ते त्यांचे पाय सुजल्यावर. ही गोष्ट मला माझ्याच अक्षरात वाचायची नव्हती.

आज लिहायला बसण्याचं कारण म्हणजे आईचं क्रिएटिनिन १.६ आलं; किडनीचा हा आकडा एकच्या आसपास हवा. मशीन पुन्हा तपासलं, नमुना पुन्हा लावला. १.६च. रक्तदाब १६८/१००. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. दाब खाली आला तर किडन्या तग धरतील. एनालाप्रिलच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. मीठ कमी, खारवलेली मासळी बंद. या गोळीने काही जणांना कोरडा खोकला येतो, तसा आला तर लगेच सांगा, असंही बजावलं.

आई चाळीस वर्षं सुकी मासळी विकते. खारं बंद म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, “मग पुढच्या जन्मी मला भाजीवाली कर म्हणावं देवाला.”

सकाळची गोळी मी माझ्या हाताने द्यायची. संध्याकाळी मी लॅबमध्ये असतो आणि बायकोच्या, दक्षाच्या, शिकवण्या असतात, म्हणून ती गोळी आई स्वतः घेईल. दर रविवारी मी गोळ्यांची पट्टी मोजायची. या वेळी चूक होऊ द्यायची नाही.

२१ नोव्हेंबर

बी.एस्सी.चं जुनं पुस्तक माळ्यावरून काढलं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं आता आईसाठी वाचतो आहे, आणि लाज वाटावी इतकं नवं वाटतं आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, माळेसारखी. हृदयात रक्त जास्त भरलं आणि त्याच्या भिंती ताणल्या गेल्या की हृदय अठ्ठावीस मण्यांची एक साखळी रक्तात सोडतं. ती किडनीपर्यंत जाते आणि सांगते, मीठ सोड, पाणी सोड. हृदय म्हणजे नुसता पंप असं मी इतकी वर्षं समजत होतो. उलट किडनीला रक्त कमी पडलं की तिच्या हाकेवर दुसरी साखळी तयार होते, दहा मण्यांची. एक एन्झाइम तिचे दोन मणी तोडतं. उरलेली आठ मण्यांची साखळी रक्तवाहिन्या आवळते, मीठ धरून ठेवायला लावते आणि दाब वाढवते. आईची गोळी त्या एन्झाइमचा हात धरून ठेवते.

त्याच एन्झाइमबद्दल पुढे आणखी काही होतं, पण आई जेवायला हाका मारायला लागली.

जेवताना सांगितलं, या गोळ्यांच्या घराण्याचा शोध ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडवरून लागला. आईने घास तसाच हातात धरला. म्हणाली, हे बाजारात भिकीला सांगायला हवं.

खोकला नाही. मी लक्ष ठेवून आहे.

१ डिसेंबर

पट्टी मोजली. बरोबर चौदा गोळ्या कमी. आई शब्दाला पक्की आहे.

परवा तलासरीला घरपोच नमुने घ्यायला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता, म्हणून आईच्या जागेवर डोकावलो. आई आणि भिकीमावशी अजून एकाच गोणपाटावर बसतात. इकडे आईचे बोंबील, सुकट, जवळा. तिकडे मावशीच्या चवळीच्या शेंगा, कारली, कोनफळं. मावशी तलासरीच्या बाजूच्या पाड्यावरची वारली. मी दुपट्यात होतो तेव्हापासून त्यांचं हे चाललं आहे. एक उठली की दुसरी दोन्ही विकते. निघताना दोघी एकमेकींच्या पुढ्यात एकेक वाटा ठेवतात, इकडून मासळी, तिकडून भाजी. त्यात कधी पैसे आलेले मी पाहिले नाहीत. आमच्या खाडीतही तेच. जाळं ओढताना दोरीला ज्याचा हात लागला त्याचा वाटा निघतोच, मग तो कोणी का असेना.

मावशी म्हणाली, “ये पोरा. तुझी आय माना सापाचं इख खायला घालते म्हणं.” आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मला गोळीच्या गोष्टीचा हा विनोद फार मोठा वाटला नाही, पण त्यांना हसताना बघून बरं वाटलं. हसता हसता मावशीला ठसका लागला. चार-पाच दिवस झाले म्हणाली, घशात कोंबडीचं पीस अडकल्यासारखं वाटतं.

आईच्या कमरेला चंची दिसली. बाबा गेल्यावर तिने पान-तंबाखू सोडली होती, त्यामुळे मी चंचीला हात घातला. तिने हात झटकला. “तिला हात लावायचा नाही.” लहानपणी चुलीजवळ गेलो की यायचा तो आवाज. म्हणजे तंबाखू पुन्हा सुरू झाली असावी. दक्षाला सांगितलं. ती म्हणाली, या वयात एकदम किती गोष्टी काढून घेणार.

११ डिसेंबर

१७२/९८. क्रिएटिनिन १.८.

गोळ्या चालू असून वाढलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळ्या नियमित घेतात ना? मी म्हणालो, मॅडम, मी स्वतः मोजतो. हे मी थोड्या तोऱ्यात म्हणालो. आई माझ्या शेजारी बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. बाईंनी गोळीची ताकद दुप्पट केली. महिन्याभरात फरक पडला नाही तर मुंबईला किडनीच्या डॉक्टरकडे जायचं.

घरी आल्यावर आईच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला आणि हळूहळू भरला. बाबांचा भरायला किती वेळ लागायचा ते मला अजून आठवतं. आईचा त्याच्या निम्म्या वेळात भरतो. मी मनात आकडे मोजतो आहे हे तिला कळलं असावं. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि म्हणाली, तुझ्या बाबाच्या पायाला तू एवढं दाबलं नव्हतंस.

ती थट्टेने म्हणाली. मी इथे लिहून ठेवतो कारण ते खरं आहे.

१४ डिसेंबर

आज मी नीट वागलो नाही.

दुपारी घरी आलो तर आई अंगणात बांबूच्या वलांडीवरचे बोंबील उतरवत होती. शेजारी खारवलेल्या मासळीची नवी पाटी होती. तिने एका तुकड्याची कड मोडली, जिभेवर ठेवली, डोळे मिटून क्षणभर थांबली आणि थुंकली. प्रत्येक पाटीचं मीठ ती असंच बघते, गिऱ्हाईकाला खारट माल द्यायचा नाही म्हणून. हे मी लहानपणापासून पाहतो, पण आज मला वेगळंच दिसलं. मी दक्षासमोर म्हणालो, इथे मी गोळ्या मोजत बसतो आणि तू चोरून खारं खातेस. म्हणून दाब उतरत नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “हो. खाते. जिभेला सवय झालीय.”

मला सुटल्यासारखं वाटलं. कारण सापडलं होतं. बरणीतलं सगळं खारं शेजारी देऊन आलो आणि आईला सांगितलं, दाब उतरेपर्यंत बाजार बंद. दक्षाने रिकामी बरणी धुवायला घेतली. नंतर भांडी लावताना म्हणाली, “आई कधी एवढ्या पटकन कबूल होतात का?”

मी गोळ्यांची पट्टी आजच पुन्हा मोजली. बरोबर आहे.

२० डिसेंबर

बाजार बंद केल्यापासून आई रुसलेली नाही. सारखी विचारते, तलासरीला केव्हा जाणार. आज जायचं होतं. तिने जवळ्याची एक पुरचुंडी बांधून दिली. भिकीच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नाही, तिच्या सुनेच्याही नाही, असं तीनदा सांगितलं. मूठभर जवळ्यासाठी एवढा बंदोबस्त.

मावशी एकटीच बसली होती. आईच्या बाजूचं अर्धं गोणपाट तिने रिकामं ठेवलं होतं. पुरचुंडी घेतली, तिची कोपऱ्यातली गाठ बोटांनी चाचपली आणि न उघडताच कमरेला खोचली. “पुष्पाबाय इसरली नाय,” आईचं नाव घेऊन म्हणाली.

तिचा खोकला वाढला आहे. कोरडा, सारखा, वाक्य पुरं होऊ देत नाही. उठताना डोळ्यापुढे अंधारी येते म्हणाली. तीन आठवडे उलटून गेले आहेत, तेव्हा थुंकी तपासायलाच हवी. तिने वर्षानुवर्षं दिलेली भाजी मी खाल्ली आहे. एवढं तर माझ्याकडून व्हावं. सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो, डबी दिली, एक्स-रे काढला.

२९ डिसेंबर

मावशीची थुंकी दोन्ही वेळा निगेटिव्ह. एक्स-रे स्वच्छ. क्षय नाही.

हे सांगायला आज मुद्दाम तिच्या पाड्यावर गेलो, आईने दिलेली जवळ्याची आणखी एक पुरचुंडी घेऊन. तिचा मुलगा लाहू सुतारकामावर गेला होता. सून चिमी ओटा सारवत होती. मावशीची थाळी आणि पेला बाहेर पडवीत, कुडाला वेगळे लावून ठेवले होते. तपासणी सुरू झाल्यापासून तसं आहे. चिमीच्या कडेवर वर्षाचं मूल आहे, तिला दोष कसा द्यावा. मी म्हणालो, क्षय नाही. ती म्हणाली, मग खोकते का? थाळी तिथेच राहिली.

मावशी बाहेर चुलीचा एक दगड बुडाखाली घेऊन बसली होती. म्हणाली, नातवाला जवळ येऊ देत नाय. आणि मग, जणू हे बोललीच नाही अशी, आईच्या पायाची सूज विचारली.

घरी येऊन थाळीचं सांगितलं. आईच्या हातातलं सुकट पाखडायचं सूप खाली आलं. ती जेवली नाही.

आईचा दाब १७०/१००. खारं बंद होऊन पंधरा दिवस झाले.

४ जानेवारी २०२५, शनिवार

नीट क्रमाने लिहितो.

दुपारी लॅबमध्ये काम कमी होतं. पुस्तक सोबत होतं. त्या दिवशी जिथे जेवायला उठलो होतो तिथून पुढे वाचलं. जे एन्झाइम दाब वाढवणारी साखळी तयार करतं, तेच आणखी एक नऊ मण्यांची साखळी मोडत असतं. ब्रॅडिकायनिन. ही शरीरातलीच, चांगली, रक्तवाहिन्या सैल करणारी. गोळीने एन्झाइमचा हात धरला की ही साखळी मोडायची राहते आणि साचते. दाब उतरायला तिचीही मदत होते. पण ती घशा-फुप्फुसांतही साचते, आणि काही जणांना सारखा कोरडा खोकला येतो. कफ नाही, ताप नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं.

गोळी आईला आणि खोकला भिकीमावशीला.

मी पुस्तक मिटलं. चंची, पुरचुंडीची गाठ, ‘सापाचं इख’, कॅलेंडरकडे बघणारी आई, सगळं एकामागून एक येत गेलं. दोन्ही पुरचुंड्या मी माझ्या हाताने पोचवल्या होत्या. अकरा तारखेपासूनच्या गोळ्या तर दुप्पट ताकदीच्या. म्हणून अंधारी.

आधी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तिची गोळी आजपासून बंद, जमेल तितक्या लवकर तिला माझ्याकडे आणा. आणि आईंनी आजपासून दोन्ही घ्यायच्या, पण जुन्याच ताकदीच्या; सकाळच्या एका गोळीवर चोवीस तास निघत नाहीत. लाहूच्या फोनवर निरोप दिला. मग अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि घरी आलो.

आई वलांडीखाली बसून सुकट निवडत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो. रागाने विचारायचं नाही असं एसटीस्टँडपासून ठरवत आलो होतो, पण राग शोधूनही सापडला नाही.

विचारलं, “आई, मावशीला किती देतेस?”

तिचे हात थांबले नाहीत. “संध्याकाळच्या. सात. बाजाराच्या दिवशी.”

मग तिने सगळं सांगितलं. पावसाच्या आधी पाड्यावर तपासायला आलेल्या नर्सबाईंनी मावशीचा दाब मोजला होता, एकशे नव्वद. महिन्याच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर मावशी दवाखान्यात गेलीच नाही. गेली की बाजाराचा दिवस मोडतो, आणि लाहूला सांगितलं तर तो काम सोडून येतो. आईची गोळी सुरू झाली त्याच आठवड्यात आईने ठरवलं.

मी म्हणालो, तुला तुझ्या किडनीचं काहीच वाटलं नाही?

“तुझ्या बाबाचं मी बघितलंय,” ती म्हणाली. “शेवटी पाणीसुद्धा मोजून. ते बघून आल्यावर भिकीच्या शेजारी बसायचं, आणि गोळी एकटीने खायची? एका गोणपाटावर बसून?”

“मी तुला खारं खाल्लं म्हणालो, तेव्हा का नाही बोललीस?”

“तुला कारण हवं होतं. दिलं.”

मीही समोरची मूठभर सुकट निवडायला घेतली.

खोकल्याचं सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. न सांगून चालणार नव्हतं. मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं, साखळी, मणी, घसा. आईने सुकटीतून हात काढून घेतला. म्हणाली, म्हणजे तिची थाळी मी बाहेर काढली.

मी तिचा हात धरला. माशाचा वास अजून माझ्या बोटांना आहे. वीस वर्षं मी लोकांचे हात शीर शोधायला धरतो. आईचा हात याआधी केव्हा धरला होता ते आठवेना.

५ जानेवारी

आई हट्टाने सोबत आली. पाड्यावर पोचेपर्यंत तिने काय बोलायचं ते तीन वेळा बदललं आणि मावशीसमोर एकही शब्द निघाला नाही. शेवटी मीच सांगितलं, चिमी आणि लाहूसमोर. क्षय नाही, कधीच नव्हता. खोकला गोळीचा. गोळी थांबली की दोन-तीन आठवड्यांत खोकला जाईल. तुमच्या बाळाला काही धोका नाही.

मावशीने खोकल्यातून वाट काढत म्हटलं, “बघ पुष्पाबाय, मी म्हणली नव्हती, इख हाय?” आणि हसायला लागली. मग आई रडली. मावशी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि दोघी मिळून माझ्याकडे असं बघत होत्या की चूक माझीच असावी.

आम्ही चहा पीत होतो तेव्हा चिमी पडवीत गेली, थाळी-पेला उचलला, धुतला आणि आत घरातल्या भांड्यांत पालथा घातला. मग मूल मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि पाणी आणायला गेली.

चिमी परतल्यावर मावशीला घेऊन डॉक्टरबाईंकडे. रविवार असूनही त्यांनी तपासलं. मावशीच्या नावाचा रक्तदाबाचा पहिला केसपेपर झाला. वय विचारलं तर म्हणाली, पुष्पाबायहून दोन पावसाळे मोठी. तिला दुसऱ्या जातीची गोळी दिली. ही त्या एन्झाइमला हात लावत नाही, आठ मण्यांच्या साखळीलाच पुढे अडवते, म्हणून खोकला नाही. पाड्याजवळच्या उपकेंद्रातून ती फुकट मिळायची सोयही बाईंनी चिठ्ठी लिहून केली.

आईने विचारलं, मग तीच गोळी दोघींना द्या ना. बाई म्हणाल्या, आजी, तुमची तुम्हाला लागू पडते आहे, फक्त पोटात जाऊ द्या.

२ फेब्रुवारी

आईचा दाब १३८/८४. क्रिएटिनिन १.५. नमुना दोनदा लावला. या वेळी भीतीने नाही. पुन्हा बघावंसं वाटलं म्हणून.

बाजार पुन्हा सुरू झाला. मावशीचा खोकला गेला आहे. आई म्हणते, आता बाजारात चुकल्यासारखं होतं, एवढं शांत.

पट्ट्या मोजणं मी बंद केलं. मोजून काय कळतं ते मला कळलं आहे. त्याऐवजी या दोघींनी त्यांचं त्यांचं काहीतरी बसवलं आहे, मला न विचारता. संध्याकाळी सात वाजता मावशी गोळी घेते आणि लाहूच्या फोनवरून आईला मिस्ड कॉल देते. एकच रिंग, उचलायचा नाही. मग आई स्वतःची गोळी घेते आणि उलट एक रिंग देते. मावशीची रिंग येईपर्यंत आई गोळी तळहातावर घेऊन बसते. मी म्हणालो, एखाद्या दिवशी नाही आली तर? म्हणाली, येते.

आज रविवार म्हणून मी घरी होतो. सात वाजले, सात पाच झाले. आई खिडकीत, गोळी तळहातावर, फोन मांडीवर. मी पाण्याचा पेला घेऊन उभा. सात दहाला फोन एकदा वाजला. आईने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, मग चष्मा लावून एकेक बटण शोधत तिकडे एक रिंग दिली, आणि फोन पदराने पुसून ठेवला.

नंतर मी तो हातात घेतला तर पडद्यावर मेसेज होता, मुदत उद्या संपते.

उद्या: आईच्या फोनचा रिचार्ज मारणे, सातच्या आत.